विषय: कपड्यांची दोरी आणि घरात खर्च होणारी उष्णता

प्रेषक: सभासद, फ्रीमाँट

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेचे पत्र आले. मागच्या अंगणात बांधलेली कपड्यांची दोरी वसाहतीच्या नियमांत बसत नसून ती चौदा दिवसांत काढून टाकावी, असे त्यात कळवले आहे. ही दोरी पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी बांधून घेतली. येथे कॅलिफोर्नियात मे महिन्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत पाऊस क्वचितच पडतो, दुपारची हवा कोरडी असते आणि सकाळी वाळत घातलेले सुती कपडे जेवणाच्या वेळेपर्यंत वाळून हाती येतात; तरीही आम्ही बारा वर्षे ते यंत्रात घालून का वाळवत होतो, असे त्यांनी विचारले तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही.

दुसरा प्रश्न माझ्या मुलीचा आहे. ती सहावीत असून शाळेच्या प्रकल्पासाठी घरातला वीजवापर मोजत आहे. आम्ही कापडी पिशव्या वापरतो, बांबूचे दात घासायचे ब्रश आणले, प्लास्टिकचे डबे बदलून काचेचे घेतले. या प्रत्येक गोष्टीने किती वाचले, असे ती विचारते आणि मला आकडा सांगता येत नाही. कुटुंबाने घरच्या घरी नेमके काय केले असता खरोखर फरक पडतो, याविषयी जाणकारांनी लिहावे. दोरीच्या नियमाबद्दल कोणास माहिती असल्यास तीही कृपया कळवावी.

आपली,
फ्रीमाँटची सभासद

———

प्रेषक: सभासद, सनीवेल

स. न. वि. वि.

आधी दोरीविषयी. दोरी काढू नका. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने 2015 मध्ये असेंब्ली विधेयक 1448 संमत केले आणि तो कायदा 1 जानेवारी 2016 पासून लागू आहे. केवळ आपल्याच वापरासाठी असलेल्या मागच्या अंगणात कपड्यांची दोरी बांधण्यास किंवा स्टँड ठेवण्यास घरमालक संघटनेला सरसकट मनाई करता येत नाही. जागा, उंची यांबद्दल वाजवी अटी मात्र तिला घालता येतात. बाल्कनी, कठडा किंवा इमारतीचा अन्य भाग या कायद्यात दोरी म्हणून धरलेला नाही आणि भाडेकरूंना घरमालकाची संमती लागते, हेही लक्षात असावे. संघटनेला उत्तर देताना विधेयकाचा क्रमांक लिहून आपली दोरी कोठे आहे त्याचे छायाचित्र सोबत जोडावे.

आता आपल्या मुलीच्या प्रश्नाकडे वळतो. तिचा प्रश्न मला फार योग्य वाटतो. मी चाळीस वर्षे उष्णतेशी संबंधित यंत्रांवर काम केले असून माझे मत असे आहे की घरात जिथे काही तापवले जाते तिथे आधी पाहावे. दिवे, पंखे, संगणक यांना लागणारी वीज त्यामानाने थोडी असते. पाणी तापवणे, कपडे वाळवणे, घर उबदार ठेवणे आणि स्वयंपाक यांत ती भराभर जाते.

दोरीचेच उदाहरण घेऊ. एक लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी साधारण 0.65 युनिट ऊर्जा लागते. धुण्याच्या यंत्रातून निघालेल्या साडेचार किलो कपड्यांत अडीच लिटरच्या आसपास पाणी उरलेले असते. म्हणजे केवळ ते पाणी उडवण्यासाठी दीड युनिटाहून अधिक वीज हवी, आणि शिवाय कपडे व यंत्राचे पिंप तापवण्यात आणि नळीतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या गरम हवेत जाते ती निराळी. त्यामुळे विजेवर चालणारे साधे वाळवणी यंत्र एका खेपेला 2 ते 4 युनिटे घेते. नऊ वॅटचा एलईडी दिवा रोज पाच तास लावला तर 3 युनिटे संपायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. मुलांना दिवे मालवायला शिकवणे चांगलेच आहे, परंतु एक खेप दोरीवर घालण्याने काय साधते ते या हिशोबातून त्यांना अधिक स्पष्ट दिसेल.

ज्यांना दोरी शक्य नाही त्यांनी धुण्याच्या यंत्रात पिळण्याची गती वाढवावी, कारण फिरकीने पाणी काढायला लागणारी वीज त्याच पाण्याची वाफ करण्याच्या मानाने अगदी थोडी असते. कपडे थंड पाण्यात धुवावेत. धुण्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग पाणी तापवण्यातच जातो.

अंघोळीचा हिशोबही असाच आहे. पंधरा अंशांचे पाणी चाळीस अंशांपर्यंत तापवायचे असेल तर वीस लिटरच्या बादलीला सुमारे 0.6 युनिट ऊर्जा लागते. या राज्यात 2018 पासून विकल्या जाणाऱ्या शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त 1.8 गॅलन, म्हणजे सुमारे 6.8 लिटर पाणी पडते. दहा मिनिटांत 68 लिटर, आणि ऊर्जा 2 युनिटे. घरातले पाणी गॅसवर तापत असले तरी आकडा बदलत नाही, उलट बंबातून वाया जाणारी उष्णता धरून तो वाढतोच. बादलीचाच आग्रह मी धरत नाही. शॉवर पाच मिनिटांत आटोपला तरी निम्मी ऊर्जा वाचते.

आणखी एक गोष्ट आपल्या राज्यापुरती महत्त्वाची आहे. येथे दुपारी सौर वीज भरपूर असते आणि सूर्य कलल्यावर वायूवर चालणारी वीजकेंद्रे जोमाने चालवावी लागतात. म्हणूनच अनेक दरयोजनांत दुपारी 4 ते रात्री 9 ही वेळ महाग ठेवलेली आहे. धुणे आणि भांड्यांचे यंत्र शनिवार-रविवारी दुपारी 4 च्या आत लावले तर खर्च कमी होतो आणि धूरही कमी होतो.

आपला,
सनीवेलचा सभासद

———

प्रेषक: सभासद, सॅन होजे

नमस्कार.

सनीवेलच्या काकांचा हिशोब मी दोनदा वाचला आणि तो मला पटला. तरीही दोन अडचणी मांडाव्याशा वाटतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, बाळ आठ महिन्यांचे आहे आणि यजमानांना वसंत ऋतूत परागकणांचा त्रास होतो. वणव्यांच्या दिवसांत बाहेर कपडे घालता येत नाहीत, कारण धुराचा वास त्यांत बसतो. त्यामुळे आम्ही न्हाणीघरात स्टँड ठेवून पंखा लावतो. मोठ्या चादरी यंत्रातच जातात आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. यंत्र जे काम करत होते ते हाताने करायचे ठरले की ते हात बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचे असतात. कपडे झटकून घालायचे, उलटायचे, काढायचे, घड्या करायच्या, कचरा वेगळा करायचा, डबे घासायचे. पर्यावरणासाठी घराने घेतलेला निर्णय घरातील एकीच्या माथी पडू नये, एवढे प्रत्येकाने आरंभीच ठरवावे.

स्वयंपाकाबद्दल कोणी लिहील का? गॅसच्या शेगडीमुळे घरातल्या हवेत नायट्रोजन डायऑक्साइड वाढतो हे वाचल्यापासून बाळामुळे मला काळजी वाटते, पण इंडक्शनवर पोळ्या होत नाहीत असे सगळे सांगतात.

आपली,
सॅन होजेची सभासद

———

प्रेषक: सभासद, क्युपर्टिनो

सप्रेम नमस्कार.

पोळ्या होतात. गेली चार वर्षे मी इंडक्शनवर रोज करते. घडीच्या पोळीला ज्वाळ लागतच नाही, ती तव्यावरच फुगते. फुलका असेल तर कापडाच्या बोळ्याने कडा हलकेच दाबाव्यात. लोखंडी तवा चालतो, मात्र त्याचे बूड पूर्ण सपाट हवे, आणि आपले खोलगट तवे येथेच अडतात. भांडे चालेल की नाही हे चुंबक लावून पाहावे. चिकटला तर चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही, स्टीलच्या बुडाचा घ्यावा लागतो. ज्वारीची भाकरी मात्र विस्तवावर शेकल्यासारखी मला अजून जमलेली नाही आणि तेवढ्यासाठी मी एक छोटी गॅसची शेगडी अंगणात ठेवली आहे. भाड्याच्या घरात साध्या प्लगवर चालणारी एका भांड्याची इंडक्शन शेगडी ठेवता येते. निम्मा स्वयंपाक तिच्यावर झाला तरी बाळाच्या श्वासात जाणारा वायू कमी होईल. गॅस पेटवाल तेव्हा चिमणीचा पंखा आठवणीने लावा आणि खिडकी उघडा.

गॅसच्या ज्वाळेची निम्म्याहून अधिक उष्णता भांड्याच्या बाजूने वर निघून जाते. कुकरमध्ये डबे लावून भात, वरण आणि बटाटे एकदम शिजवण्याची आपली रीत म्हणूनच मला मोलाची वाटते. कुकरमध्ये दाब पूर्ण झाला की आत सुमारे 120 अंश तापमान असते आणि मोठी आच ठेवून ते आणखी वाढत नाही. जास्तीची उष्णता शिटीतून वाफ होऊन जाते. पहिली शिटी झाली की आच अगदी मंद करावी आणि शिट्यांऐवजी मिनिटे मोजावीत. छोले, राजमा रात्री भिजवले तर शिजण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो.

मला याहूनही अधिक कळकळ वाया जाणाऱ्या अन्नाविषयी आहे. पुरलेल्या कचऱ्यात अन्नाला हवा मिळत नाही, म्हणून ते कुजताना मिथेन निघतो आणि वीस वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटीने तापवणारा आहे. यासाठीच या राज्याने सिनेट विधेयक 1383 आणले. 1 जानेवारी 2022 पासून शहरांना घराघरांतला ओला कचरा वेगळा हाताळण्याची सोय करावी लागते. नियम शहरागणिक वेगळे आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत 2009 च्या नियमाने ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा सक्तीचा झाला, तर सॅन होजेमध्ये स्वतंत्र घरांतले खरकटे कचऱ्याच्याच डब्यात टाकायचे असते आणि ते पुढे वेगळे काढले जाते. त्यामुळे मैत्रिणीचे ऐकून टाकू नये, आपल्या शहराचे पत्रक वाचावे. ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले प्लास्टिकचे चमचे अनेक ठिकाणी ओल्या कचऱ्यात घेत नाहीत, हे विशेष लक्षात ठेवावे. चिलटांचा त्रास होत असेल तर साली कागदी पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि गाडी येण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढाव्यात. दिवाळीच्या फराळाचे तळणीचे तेल मोरीत ओतू नये. ते गार करून, गाळून फोडणीला वापरावे आणि उरलेच तर बाटलीत भरून स्थानिक संकलन केंद्र ते घेते का ते विचारावे.

तरीही हिरवा डबा भरला म्हणून समाधान मानणे मला बरोबर वाटत नाही, कारण ते अन्न पिकवायला लागलेले पाणी, खत आणि वाहतूक डब्यातून परत येत नाही. मी एक महिना फ्रीजवर कागद लावून टाकलेली प्रत्येक वस्तू लिहिली. सर्वाधिक वेळा दोनच नावे आली, भात आणि कोथिंबीर. तेव्हापासून तांदूळ अर्धी वाटी कमी घेते आणि कोथिंबिरीची जुडी शेजारणीशी वाटून घेते. उरलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात निर्धास्तपणे करता येतो. दोडक्याच्या शिरांची चटणी तर आपल्याकडे पूर्वीपासून होतेच. माझ्या मुलांना ती भाजीपेक्षा अधिक आवडते.

कामाच्या वाटणीबद्दल सॅन होजेच्या ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. आमच्याकडे ओल्या कचऱ्याचा डबा आणि कुकर ही यजमानांची कामे आहेत.

आपली,
क्युपर्टिनोची सभासद

———

प्रेषक: सभासद, फ्रीमाँट

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

वाळवणी यंत्र 240 व्होल्टचे असल्याने प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरने ते मोजता आले नाही. तेव्हा मुलीने वीज कंपनीच्या संकेतस्थळावरून आमच्या मीटरचे तासागणिक आकडे उतरवून घेतले. यंत्र लावलेल्या तासात वापर जवळजवळ तीन युनिटांनी वाढलेला दिसला. तिने काढलेल्या आलेखात दोरी लावल्यानंतरच्या रविवारी तो उंचवटा नाही. बांबूच्या ब्रशसाठी तिने वेगळा रकाना ठेवला असून तो अजून रिकामा आहे. कपडे घालणे यजमानांकडे आणि काढणे मुलीकडे दिले आहे. छोटा मीटर आता मोकळा आहे, ज्यांना हवा असेल त्यांनी मला वेगळे लिहावे.

विधेयकाच्या क्रमांकासह पाठवलेल्या पत्राला संघटनेचे उत्तर आले. दोरी ठेवता येईल, मात्र ती कुंपणापेक्षा उंच नसावी, अशी अट आहे. सासूबाईंनी ती वीतभर खाली घेतली आहे आणि त्यांच्या साड्या आता दुहेरी घडी करून वाळतात.

आपली,
फ्रीमाँटची सभासद