बुद्धिबळातला रस का आटतो, पट पुन्हा कसा मांडावा : जाणकारांनी लिहावं

नागपुरात बुद्धिबळाची उणीव नाही. रौनक साधवानी, संकल्प गुप्ता आणि दिव्या देशमुख, तिघंही ग्रँडमास्टर याच गावचे. तरी नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्या कितीतरी जणांचा पट आठ-दहा वर्षांनी कपाटावर जातो. खेळ आवडेनासा झाला असं सांगतात, पण तेवढं कारण पुरत नाही. खेळाचा नेमका कोणता भाग बिघडला ते सापडलं तर तेवढाच दुरुस्त करता येतो. म्हणून विनंती अशी, की कहाणी नको. काय तपासायचं, काय बदलायचं आणि त्यात कुठे चुकतं ते नेमकं लिहा.

हिशेबनीस, महाल
सुरुवात रेटिंगपासून करतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच खचतात. तुमचं फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) रेटिंग 1650 आणि समोरच्या दहा वर्षांच्या मुलाचं 1450 आहे असं धरा. डाव जिंकला तर एक गुण, बरोबरीला अर्धा. 200 गुणांचा फरक असला की तुमच्याकडून डावामागे 0.76 गुणाची अपेक्षा असते. मिळालेला गुण आणि अपेक्षा यांतल्या फरकाला ज्याने गुणून रेटिंग बदलतं तो के गुणक. तुमचा के गुणक 20, त्याचा 40. हरलात तर तुमचे 15.2 जातात आणि त्याला 30.4 मिळतात. बरोबरी झाली तरी तुमचे 5.2 गेलेच. जिंकलात तर हाती फक्त 4.8.

अशा पाच मुलांशी खेळून तीन डाव जिंकले, एक बरोबरीत सुटला, एक हरलात, तर गुण साडेतीन. अपेक्षा होती 3.8 ची, म्हणून सहा गुण वजा. घरी निघताना मनात येतं, आपण उतरणीला लागलो. खरं तर तो मुलगा रोज शिकतोय आणि त्याचं रेटिंग त्याच्या खेळाच्या मागे धावतंय. 1450 हा त्याचा काही महिन्यांपूर्वीचा आकडा असतो.

दुसरा घोळ जुन्या आकड्यांचा. 1 मार्च 2024 ला फिडेने 2000 च्या खालची सगळी रेटिंगं वर ओढली. 2000 मधून आपलं रेटिंग वजा करायचं, उरेल त्याचे 40 टक्के मिळवायचे. जुने 1300 म्हणजे आताचे 1580, जुने 1650 म्हणजे 1790. किमान आकडाही 1400 झाला. त्यामुळे 2019 च्या आकड्याशी आजचा आकडा ताडून पाहणं चूकच आहे. ताडायचंच असेल तर मागच्या वीस डावांत किती वेळा फुकट मोहरा गेला ते मोजा. हा आकडा खाली येत असेल तर खेळ सुधारतोय, यादी काहीही म्हणो.

रात्रपाळी, मानेवाडा
ऑनलाइनवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. तीन मिनिटांचे डाव तासाला दहाच्या वर होतात आणि त्यातला एकही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मेंदू थकतो, पण विचार केल्याचं समाधान मिळत नाही, कारण विचार झालेलाच नसतो. हरल्यावर लगेच पुढचा डाव लावण्याची सवय तर सगळ्यात घातक.

उपाय : 15 मिनिटं अधिक प्रत्येक चालीला 10 सेकंद. चाळीस चालींचा डाव दोघांचा मिळून पाऊण तासाच्या आत संपतो. रात्री एकच डाव. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटच्या सेटिंगमध्ये खेळाडूंची रेटिंगं लपवता येतात, ती लपवा. डाव चालू असताना झेन मोड लावला की पटाभोवतीची बाकी गर्दीही जाते. पहिला आठवडा अळणी वाटेल. आकडा दिसत नाही म्हणून नव्हे, तर वेळ मिळाल्यावर त्याचं काय करायचं ही सवयच मोडलेली असते म्हणून. प्रत्येक चालीआधी समोरच्याचे शह, मार आणि धमक्या या क्रमाने पाहत गेलं की ती परत येते.

एफ6, धरमपेठ
इंजिनाबद्दल, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रामबद्दल, कोणीतरी लिहायलाच हवं होतं. डाव संपताच इंजिन लावणं म्हणजे शेजाऱ्याने शब्दकोडं सोडवून हातात देणं. आधी इंजिन बंद ठेवून, कागदावर, तीन जागा लिहा : जिथे सर्वाधिक वेळ गेला ती, जिथे बेत बदलला ती, आणि जिथे डाव हातून गेला असं वाटलं ती. प्रत्येक ठिकाणी आपण कोणती चाल मोजली आणि कोणती दिसलीच नाही, एवढंच. यालाच वीस मिनिटं लागतात. मग इंजिन लावा, आणि मूल्यमापन (कोणाचं पारडं किती जड, हे इंजिन प्याद्यांत मोजतं) दीड प्याद्याहून जास्त हललं तिथेच थांबा. 0.3 किंवा 0.4 च्या फरकावर डोकं घालू नका. आपल्या पातळीवर ते फरक पटावर वठवता येत नाहीत, उरते फक्त आपण सतत चुकतो ही बोच.

सोंगटी, प्रतापनगर
ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचा, कंटाळा हाही मोठा भाग आहे. लंडन सिस्टिम ही ओपनिंग खेळणारा वर्षानुवर्षं डी4, उंट एफ4, ई3, सी3 (अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी रांग; मोहऱ्याचं नाव नसेल तर प्यादं) असंच मांडत राहतो. पहिल्या आठ चालींत विचारच लागत नाही, म्हणून डाव सुरू होण्याआधीच शिळा. पण उपाय म्हणून चारशे पानांचं ओपनिंगचं पुस्तक आणू नका, पाठांतराने उलट जीव जातो. एकाच रंगाला एकच बदल करा : पांढऱ्याने ई4 आणि स्कॉच ही ओपनिंग. त्यातले चांगल्या खेळाडूंचे पाच पूर्ण डाव पटावर हाताने खेळा. दहाव्या चालीनंतर मोहरे कुठे जातात ते पाहा. त्यापुढे ओळी पाठ करायच्या नाहीत.

याहून मोकळं हवं असेल तर चेस960. मागच्या रांगेतले मोहरे वेगळ्या क्रमाने लागतात, अशा 960 मांडण्या आहेत. दोन उंट विरुद्ध रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मधे, एवढी अट. बॉबी फिशरने 1996 मध्ये ही पद्धत जाहीर केली ती या पाठांतराला कंटाळूनच. पहिल्या चालीपासून पट नवा. चूक एकच होते. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, विसरतात किंवा चुकीचा करतात. राजा आणि हत्ती कुठूनही निघोत, पोहोचतात नेहमीच्याच घरांत, म्हणजे जी आणि एफ, नाही तर सी आणि डी.

हत्तीप्रेमी, सक्करदरा
माझ्या मते आटलेला रस परत आणायला एंडगेमसारखं, म्हणजे मोजके मोहरे उरलेल्या डावाच्या शेवटासारखं, दुसरं काही नाही. दोघं जण, एक पट, घड्याळावर पाच-पाच मिनिटं. ही मांडणी लावा. पांढरा : राजा जी8, प्यादं जी7, हत्ती एफ1. काळा : राजा ई7, हत्ती एच2. पांढऱ्याने जिंकायचं. जमलं नाही तर बाजू बदलायच्या.

घाई करणारा हत्ती ई1 वरून शह देतो, काळा राजा डी7 ला सरकतो, आणि पांढरा आपला राजा लगेच एफ7 ला काढतो. मग काळा हत्ती मागून शह देत राहतो : एफ2, जी2, पुन्हा एफ2. राजाला आडोसाच नाही. किल्ली पहिल्या चालीत आहे, हत्ती एफ4. काळा हत्ती एच1. आता हत्ती ई4 शह, राजा डी7, राजा एफ7, हत्ती एफ1 शह, राजा जी6, हत्ती जी1 शह, राजा एफ6, हत्ती एफ1 शह, राजा जी5, हत्ती जी1 शह, आणि हत्ती जी4. चौथ्या रांगेतल्या हत्तीने शह अडवला, प्यादं वजीर होणार. यालाच लुसेना म्हणतात. काळ्याने एकेक शह देत जावा आणि पांढऱ्याला त्या आडोशाचा अर्थ हाताने कळावा, हे स्क्रीनवर होत नाही जी. इथे रेटिंग नाही, हार-जीत नाही, आणि तासाभरात एक गोष्ट कायमची येते.

पंच, सिताबर्डी
स्पर्धांनी थकलेल्यांसाठी. प्रत्येकाला 90 मिनिटं अधिक चालीमागे 30 सेकंदांचा साठ चालींचा डाव चार तास चालू शकतो. दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे आठ तास. आपल्याकडच्या मे महिन्यात, 45 अंशांत, दुपारच्या फेरीतल्या चुकांना बुद्धीइतकंच पाणी आणि जेवण कारणीभूत असतं. दोन फेऱ्यांमधे भरपेट जेवू नका, दही-भात किंवा केळं पुरे. प्रॉस्पेक्टसमध्ये अर्ध्या गुणाच्या बायची (न खेळता फेरी सोडण्याची) सोय दिली असेल तर एका फेरीसाठी आधीच मागून घ्या. हॉलमध्ये कूलर असतील तर चाली लिहायच्या कागदाला चिमटा हवाच.

आणि थांबायचंच असेल तर बिनधास्त थांबा. वर्षभर एकही रेटेड डाव झाला नाही तर फिडे तुम्हाला निष्क्रिय दाखवतं, पण रेटिंग कापत नाही. लिचेसवर बरेच महिने न खेळता परतलं की रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह येतं आणि पहिल्या काही डावांत आकडा मोठ्या उड्या मारतो. तेवढे डाव आकडा पाहू नका.

प्रेक्षक, रामदासपेठ
न खेळताही खेळात राहता येतं. 2025 च्या जुलैत बातुमीला दिव्याने महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवलं. दोन क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले, मग रॅपिडमध्ये, म्हणजे जलद डावांत, दीड-अर्धा. हे चार डाव घ्या. बाराव्या चालीपासून पुढचं झाका, दिव्याच्या प्रत्येक चालीआधी आपली चाल लिहा, मग उघडा. जुळली किती हे मोजायचं नाही. न जुळलेल्यांपैकी तीन निवडा आणि तिने ती चाल का केली ते एकेका वाक्यात लिहा. एका डावाला दीड तास लागतो. कॉमेंट्री चालू ठेवून हे करू नका, उत्तर आधीच कानावर पडतं.

हिशेबनीस, महाल
पंचांच्या मुद्द्याला जोडून एक. मोठ्यांनी घरचा पट नीट घ्यावा. साडेपाच सेंटिमीटरचं घर, साडेनऊ सेंटिमीटरचा राजा, तळाला वजन भरलेले मोहरे, गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट. लाकडी पट कूलरच्या दमट हवेत वाकतो. आणि तो कपाटावर ठेवू नका. जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर एखादी स्थिती मांडून ठेवा, हत्तीप्रेमींनी दिलेली ठेवली तरी चालेल. येता-जाता हात जातोच.