चार वेळा वाचूनही मानसशास्त्राच्या पहिल्या चाचणीत ४० पैकी १७. चुकतंय कुठे?

निळी_शाई

पहिल्या वर्षाला आहे, मानसशास्त्राचा प्रास्ताविक पेपर घेतलाय. परवा चाचणीचे गुण लागले. १७. मी न वाचता गेले असते तर काही वाटलं नसतं. ‘अध्ययन’ हे प्रकरण मी चार वेळा वाचलं होतं, हायलायटर संपला होता, पानं इतकी पिवळी झालीत की आता न रंगवलेल्या ओळीच उठून दिसतात.

पेपर हातात आला तेव्हा सगळं ओळखीचं वाटत होतं, आणि तीच पंचाईत झाली. चारही पर्याय ओळखीचे! एक प्रश्न असा होता: मूल खेळण्यासाठी दुकानात भोकाड पसरतं, आई खेळणं घेऊन देते, रडणं थांबतं. पुढच्या वेळी आई आणखी लवकर खेळणं घेऊन देते. आईच्या वर्तनाबाबत काय घडलं? मी लिहिलं ‘ऋण शिक्षा’. का, ते मला आजही सांगता येणार नाही. आईला त्रास झाला, म्हणजे शिक्षा, असं काहीतरी डोक्यात आलं असावं.

दुसरी तक्रार जरा बालिश आहे. मी हा विषय माणसं कळावीत म्हणून घेतला होता. मिळालं काय, तर चेतापेशी, सोडियम आणि प्रमाण विचलन. त्यात नावं आणि सनावळ्या. वुंट १८७९, जेम्स १८९०, वॉटसन १९१३. हे सगळं पाठ करायचं असतं का?

आणि एक. पुस्तकात स्टॅनफर्डच्या तुरुंगाचा प्रयोग (विद्यार्थ्यांनाच कैदी आणि पहारेकरी बनवलं होतं तो) दोन पानं रंगवून सांगितलाय, आणि व्हिडिओंमध्ये लोक म्हणतात ते सगळं नाटक होतं. परीक्षेत कोणतं लिहू?

समासातला

मी पहिल्या वर्षाचे ट्युटोरियल घेतो, यंदा सातवं वर्ष. त्याआधी याच पेपरात एकदा नापास झालोय, तेव्हा १७ बघून मला तरी धक्का बसला नाही.

तुझी पिवळी पानं हा रोग आहे. ओळखीचं वाटणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि गंमत म्हणजे हे तुझ्याच पुस्तकात ‘स्मृती’च्या प्रकरणात पुढे येणार आहे. चौथ्यांदा वाचताना वाक्य डोळ्यांखालून सुळकन जातं, आणि आपण त्या सुळकन जाण्याला ‘येतंय’ समजतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, साधारण ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर लिहून काढणारे ५६ वर आणि वाचणारे ४२ वर. तू पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेचा अभ्यास केलास आणि पेपर नंतर कधीतरी होता, एवढंच झालंय.

म्हणून पुस्तक मिट. कोरा कागद घे. प्रकरणातलं आठवेल ते लिही. पहिल्यांदा अर्धं पानही भरणार नाही आणि फार अपमान वाटेल. तो अपमान सहन कर. मग पुस्तक उघड आणि राहिलेलं वेगळ्या शाईने भर. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. एका रात्रीत चार वेळा करण्यापेक्षा चार वेगळ्या दिवशी एकेकदा. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःलाच निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला लावून विसरण्याचा वेग मोजला होता. पाठांतराच्या फेऱ्या वेगवेगळ्या दिवसांत विभागल्या तर कमी फेऱ्यांत काम होतं, हे तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं.

आता तो आईचा प्रश्न. दरवर्षी वर्गातली निम्मी मुलं यात पडतात, कारण ‘ऋण’ म्हटलं की त्यांना वाईट ऐकू येतं. इथे ऋण म्हणजे वजा. काहीतरी काढून घेतलं गेलं. धन म्हणजे अधिक, काहीतरी आलं. चांगलं-वाईट यात कुठेच नाही. प्रबलन म्हणजे वर्तन वाढलं, शिक्षा म्हणजे वर्तन घटलं. माझी मुलं पेपरात समासात तीन प्रश्न लिहितात: कोणाचं? वाढलं की घटलं? आलं की गेलं?

कोणाचं? आईचं, म्हणजे खेळणं घेऊन देणं. वाढलं की घटलं? पुढच्या वेळी लवकर दिलं, म्हणजे वाढलं. आलं की गेलं? रडणं गेलं. वाढलं आणि गेलं: ऋण प्रबलन. आता त्याच प्रसंगात मुलाकडे बघ. त्याचं रडणं वाढणार आहे, कारण खेळणं आलं. धन प्रबलन. एकाच दुकानात दोघं एकमेकांना शिकवताहेत आणि दोघांनाही पत्ता नाही. माणसं कळावीत म्हणून आलीस ना? मग हे काय आहे?

यात पहिलाच प्रश्न सगळ्यात जास्त गुण खातो. कोणाचं वर्तन, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आणि उदाहरणं स्वतःची बनव. पुस्तकातलं उदाहरण पाठ केलंस तर परीक्षक ते कधीच विचारत नाही, हे मी परीक्षकाच्या बाजूने सांगतोय.

वजाबाकी

संख्याशास्त्राला नावं ठेवणाऱ्यांसाठी माझं एक उदाहरण ठरलेलं आहे. १९७४, लॉफ्टस आणि पामर. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? बदललं फक्त क्रियापद. ‘जोरात आदळल्या’ अशा अर्थाचा शब्द वापरला तेव्हा अंदाजाची सरासरी ताशी ४० मैलांच्या थोडी वर आली, ‘स्पर्श झाला’ अशा अर्थाचा वापरला तेव्हा ३१.८. प्रत्येक क्रियापदाला नऊच जण होते.

आता सांग, नऊ-नऊ जणांत नऊ मैलांचा फरक नुसत्या योगायोगाने पडू शकतो की नाही? माणसांची कितीही समज असली तरी हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी ते प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप. एका गटातले अंदाज आपापसातच २० ते ६० असे विखुरलेले असतील तर नऊ मैल म्हणजे काहीच नाही, सगळे चाळिशीच्या आसपास असतील तर खूप.

त्यांचा दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फितीत काच नव्हतीच. ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारावा, हा सगळा विचार या १६ आणि ७ वर उभा आहे. हे आकडे एकदा कागदावर मांडून बघ, पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा लवकर उमगेल.

उशिरा_आलेली

मी चाळिशीत पुन्हा विद्यापीठात गेले, हा पेपर माझ्या मुलीच्या वयाच्या मुलांबरोबर दिला. चेतापेशींचं प्रकरण मीही दात ओठ खाऊन वाचत होते. मग एच. एम. नावाच्या रुग्णाशी गाठ पडली. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी बनायला लागणारा भाग) बराचसा भाग काढला. त्यानंतर नवीन काही लक्षात राहीना. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन आत आले की पुन्हा नवखे. पण ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईने त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली, तर दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आणि दर वेळी त्याच्या लेखी ते काम तो पहिल्यांदाच करत होता.

मला ते वाचून दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. माणूस विसरला, हाताला मात्र आठवत होतं. त्यानंतर मेंदूच्या आकृतीतली नावं मला कधी पाठ करावी लागली नाहीत, प्रत्येक नावामागे कोणीतरी माणूस उभा राहायला लागला.

सनावळ्यांचं म्हणाल तर मी फक्त क्रम धरून ठेवला. वुंटची लाइपझिगची मानसशास्त्राची प्रयोगशाळा १८७९ ही खुंटी पक्की, बाकीचे तिच्या आधी की नंतर आणि कोण कोणावर चिडून बोललं, एवढं. वॉटसन १९१३ मध्ये म्हणाला, आत डोकावून बघणं बंद करा, वर्तन बघा. तो कोणावर चिडला होता ते कळलं की सन आपोआप चिकटतो.

(आणि पहिल्या सत्रात घरच्यांचं निदान करायचा मोह आवरा. मी नवऱ्याला तीन विकार चिकटवले होते. दुसऱ्या सत्रात तिन्ही परत घेतले.)

समासातला

स्टॅनफर्डचं राहिलं. दोन्ही लिही, पण क्रमाने. १९७१, झिंबार्डो, दोन आठवड्यांचा बेत, सहा दिवसांत बंद. हे घडलं, नाटक वगैरे नाही. पण त्यातून ‘गणवेश घातला की माणूस आपोआप क्रूर होतो’ हा निष्कर्ष निघतो का, यावर वाद आहे. पहारेकऱ्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळाल्या होत्या, झिंबार्डो स्वतः तुरुंग अधीक्षक बनून आत बसला होता, आणि तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. हे एवढं लिहिलंस तर मी पूर्ण गुण देतो. नुसतं ‘खोटं होतं’ लिहिणाऱ्याला देत नाही.

मिलग्रॅमचंही तसंच, हुकूम मिळाला म्हणून माणसं दुसऱ्याला विजेचे झटके (ते खोटे होते, पण देणाऱ्याला ठाऊक नव्हतं) कुठवर देतात ते पाहणारा प्रयोग. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याने त्याच प्रयोगाचे पुष्कळ अवतार करून पाहिले होते. हुकूम देणारा खोलीतून निघून फोनवरून बोलू लागला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे बरेच कमी झाले. मला विचारशील तर खरा धडा तिथे आहे, ६५ टक्क्यांत नाही.

२०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० जुने अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचे निकाल आले, तेव्हा संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष ३६ टक्क्यांतच पुन्हा आले. मूळच्या अभ्यासांत हे प्रमाण ९७ टक्के होतं. काही मुलं हे ऐकून विषय सोडायला निघतात. मी म्हणतो, स्वतःचंच घर असं झाडून बघणारे विषय किती आहेत ते मोज आणि मग सोड.

निळी_शाई

कोरा कागद केला. पहिल्या दिवशी अकरा ओळी आल्या. खरंच अपमान वाटला. आज तिसरी फेरी, दीड पान. स्वतःची दोन उदाहरणं लिहिलीत, तपासाल का?

एक. दंतवैद्याकडे ड्रिलचा आवाज ऐकला की माझे खांदे आखडतात. अभिजात अभिसंधान, म्हणजे दोन गोष्टी जोडीने येत गेल्याने एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही चिकटणं. ड्रिलचा आवाज हा अनभिसंधित उद्दीपक, खांदे आखडणं ही प्रतिक्रिया.

दोन. खोलीतली मैत्रीण पहाटे पाचचा गजर लावते आणि स्वतः ढिम्म झोपते. मी उठून तो बंद करते. रोज. मला त्रास होतो पण ही शिक्षा नाही, एवढं आता कळलंय. कोणाचं? माझं. वाढलं, कारण आता मी अर्धवट झोपेतही बटण शोधते. गेलं, आवाज गेला. ऋण प्रबलन.

समासातला

दुसरं बरोबर, आणि पुस्तकातल्यापेक्षा चांगलं. पहिल्यात एक चूक. जन्मतःच ड्रिलच्या आवाजाने तुझे खांदे आखडत होते का? काहीही न शिकता प्रतिक्रिया कशावर आली? वेदनेवर. ती अनभिसंधित. आवाज वेदनेबरोबर येत गेला, म्हणून तो अभिसंधित उद्दीपक.

आता पुढचा प्रश्न. तुझ्या बटण दाबण्याचं विलोपन, म्हणजे शिकलेलं वर्तन मावळणं, कसं होईल? ‘मैत्रिणीने गजर लावणं सोडलं’ हे उत्तर चालणार नाही.

निळी_शाई

गजर वाजतोय, मी बटण दाबतेय आणि तरी आवाज थांबत नाही. असं वारंवार झालं तर मी दाबणं सोडेन. बरोबर?

तसं परवाच झालं. बटण बिघडलं होतं. पण मी सोडलं नाही, उलट जोरजोरात दाबत बसले, मग घड्याळ आपटलं.

समासातला

तुझं उत्तर बरोबर आहे. आणि त्या आपटण्यालाही नाव आहे. त्याच प्रकरणात, विलोपनानंतर दोन-चार परिच्छेदांत सापडेल. बहुधा तिथेही तू पिवळं केलेलं असेल.