मॉनिटरिंगचे ग्राफ: खरंच कामाला आलेला कोणता?

'सीपीयू ९० टक्के' हा अलर्ट सर्व्हर-नेटवर्क सांभाळणाऱ्या सगळ्यांकडेच असतो. तेच आकडे महिनोन्महिने साठवून त्यांचा कल बघणारे मात्र थोडे. १९९५ साली एमआरटीजी हे नेटवर्क ट्रॅफिकचे ग्राफ काढणारं टूल आलं तेव्हापासून आपण ग्राफ काढतोय, तरी 'नवीन डिस्क कधी मागवायची?' याचं उत्तर बहुतेक ठिकाणी अंदाजपंचेच. आपापले अनुभव लिहा. टूल कुठलंही चालेल.

*

आमच्याकडे कॅक्टी हे ग्राफ काढायचं टूल. दर ५ मिनिटांनी रीडिंग. आज दुपारी नेटवर्कची लिंक ९५ टक्क्यांना टेकलेली स्वच्छ दिसायची, आणि महिन्याच्या ग्राफवर तीच दुपार चाळिशीत! साहेब म्हणायचे, "चाळीस तर आहे, अजून बँडविड्थ कशाला?" त्यांचंही चूक नव्हतं, त्यांना तेवढंच दिसत होतं. कॅक्टी आकडे आरआरडीटूलच्या फाइलमध्ये साठवतं आणि ती फाइल ठरावीक आकाराचीच राहते, म्हणून जुना डेटा सरासरी काढून दाबला जातो. महिन्याच्या ग्राफवरचा आमचा एक ठिपका म्हणजे २ तास, वर्षाच्या ग्राफवरचा अख्खा दिवस. त्यात रात्रीची सामसूमही धरलेली. सरासरीसोबत कमाल आकडाही साठवायला लावला आणि सरासरीच्या भरीव पट्ट्यावर कमालची बारीक लाल रेघ काढली. दोघांमधली फट बघून साहेबांनी स्वतःच कोटेशन मागवायला सांगितलं. फक्त हे फाइल बनवतानाच करा. मागाहून जोडलं तर तिथून पुढचंच मिळतं.

*

वरच्यांना पुस्ती. स्विचमधून किती बाइट गेले ते मोजणारा ३२ बिटी काउंटर १०० एमबीपीएसला पावणेसहा मिनिटांत भरून पुन्हा शून्यावर येतो, १ जीबीपीएसला जेमतेम ३४ सेकंदांत. ५ मिनिटांनी विचारणाऱ्याला मधल्या फेऱ्या कळणार कशा? लिंक तुंबलेली आणि ग्राफ निवांत. ६४ बिटी काउंटर वापरा, विषय संपला.

*

प्रोमिथियस या मॉनिटरिंग टूलमधलं प्रेडिक्ट लिनिअर (मागच्या कलावरून पुढचा आकडा सांगणारं फंक्शन) झकास आहे, पण लॉग रोज रात्री साफ होत असतील तर डिस्कचा ग्राफ करवतीच्या दातांसारखा येतो. कल काढायला मागच्या ६ तासांचीच खिडकी दिली की 'उद्या भरणार' अशी रोज बोंब. आम्ही दिवसातली सर्वांत कमी मोकळी जागा हा एकच आकडा घेतो आणि त्यावरून काही आठवड्यांचा कल काढतो. खोट्या हाका थांबल्या. आणि हो, प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतं. गेल्या दिवाळीशी तुलना करायची तर मुदत आधीच वाढवून ठेवा.

*

सर्व्हर यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे), माणसं पुण्यात. रोजच्या बेरजेचा स्तंभ पहाटे साडेपाचला तुटतो, म्हणजे मध्यरात्रीचा बॅच जॉब आदल्या दिवसाच्या खात्यात. सोमवारी पहाटेचा लोड रविवारी दिसला की मीटिंगमध्ये नुसता गोंधळ. डेटा यूटीसीतच असू द्या, दिवसाची बेरीज मात्र भारतीय वेळेने करा.

*

लिनक्सवर 'फ्री' मेमरीचा ग्राफ काढूच नका. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मोकळी रॅम कॅशला (वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवायला) वापरतो, त्यामुळे रेघ खालीच जाणार आणि कुणीतरी रॅम मागणार. 'अव्हेलेबल'चा, म्हणजे गरज पडली तर मिळू शकेल अशा मेमरीचा काढा. कर्नल ३.१४ पासून तो आकडा थेट मिळतो.

*

माझं मत जरा वेगळं. भिंतीवरच्या टीव्हीवर चाळीस ग्राफ लावायची हौस सोडा, चहाला जाता-येता कुणी ढुंकूनही बघत नाही. आम्ही थोडेच ठेवले, पण प्रत्येकावर डिप्लॉयमेंटच्या (नवा कोड चढवायच्या) वेळी उभी रेघ मारतो आणि मागच्या आठवड्याची फिकट रेघ खाली ठेवतो. 'कालपासून स्लो झालंय' अशी तक्रार आली, की आधी उभी रेघ कुठे आहे ते बघायचं.