स्प्रिंगच्या एअर रायफलला स्कोपचा माउंट (स्कोप धरणारी पकड) कोणता?

मंडळी, ०.१७७ इंची छऱ्याची स्प्रिंग रायफल, वर ११ मिमी डव्हटेल (माउंट अडकवायची खाचेची रेल). सुट्या रिंगांवरचा स्कोप मागे सरकतोच, रेलवर पांढरा ओरखडा उठलाय. एकसंध माउंट घेऊ? सराव कोथरूडलाच, गच्चीवर भिंतीशी.

– घ्याच, पण खाली स्टॉप पिन (माउंट सरकू न देणारी खुंटी) हवी आणि रेलवर तिच्यासाठी भोक. झटका आधी मागे, मग पिस्टन आपटला की रायफल पुढे उसळते. स्कोप मागेच राहतो. नुसत्या पकडीवर काय टिकणार, कपाळ? बाकी बालेवाडीला १० मीटरच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर स्कोप विसरा, तिथे डायॉप्टरच, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची बिनभिंगाची साइट.

– दादा, स्कोपची नळी १ इंची की ३० मिमी? आधी मोजा. रेल स्पिरिटने पुसा, स्क्रू आलटूनपालटून आवळा. फार पिळलंत तर नळीला पोचा.

– १ इंची. भोक आहे, आत्ताच टॉर्च मारून पाहिलं!