शंभर किलोच्या आतला सेंटर: आंतरराष्ट्रीय रग्बीत टिकतो का?

लांबपल्ला
रग्बीतल्या बारा आणि तेरा नंबरच्या, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणाऱ्या सेंटरबद्दल हल्ली एकच पालुपद ऐकतो: शंभर किलोच्या आतला असशील तर विंगवर, म्हणजे कडेला, जा. वेल्सचा जेमी रॉबर्ट्स, ६ फूट ४ इंच आणि ११० किलोच्या घरातला, सरळ मुसंडी मारायचा. तेव्हापासून जो तो आपल्या संघात एक बुलडोझर शोधतोय.

मला हे पटत नाही. ब्रायन ओ'ड्रिस्कॉल ५ फूट १० इंच. २००० साली पॅरिसमध्ये या एकवीस वर्षांच्या पोराने फ्रान्सविरुद्ध तीन ट्राय मारल्या (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) आणि आयर्लंड १९७२ नंतर पहिल्यांदा तिथे जिंकलं, २७-२५. पुढे आयर्लंडसाठी १३३ कसोट्या खेळला. ऑस्ट्रेलियाचा मॅट गिटो तेवढाच उंच, अंगाने आणखी हलका, तरी शंभरावर कसोट्या. आता बोला.

स्क्रमखालचा
असहमत. ओ'ड्रिस्कॉल बुटका होता, हलका नव्हता. वजन नव्वदीच्या पुढे, आणि रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, चेंडूवर वाकला की भले भले फॉरवर्ड (पुढच्या फळीतले दांडगे) त्याला हलवताना घामाघूम व्हायचे. खरा हलका तुमचा गिटो. त्याचं २०१५ च्या विश्वचषक फायनलमध्ये काय झालं? न्यूझीलंडच्या ब्रोडी रेटॅलिकला (हा माणूस ६ फूट ८ इंच!) अडवायला गेला, डोक्याला मार बसला आणि अर्ध्या तासाच्या आत बाहेर.

त्याच सामन्यात मध्यंतरात न्यूझीलंडने काय केलं तेही सांगा की. तेरा नंबरच्या कॉनरॅड स्मिथला बसवलं आणि सॉनी बिल विल्यम्सला उतरवलं. दोनेक मिनिटांत त्यांच्याच बारा नंबरच्या मा नोनूची ट्राय. डोकेबाज गेला, दांडगा आला, गुण आले.

लांबपल्ला
ती ट्राय पुन्हा बघा. सॉनी बिलने कुणाला तुडवलेलं नाही. पकडीत सापडला असताना हात मोकळा ठेवून चेंडू सोडला आणि नोनू सुसाट सुटला. ते काम हाताचं, वजनाचं नाही.

स्क्रमखालचा
आणि एवढे लांब हात कुठून आले? दुकानात मिळतात?

बारानंबरवाली
तुम्ही दोघं आकडे फेकताय म्हणून लिहिते. कॉलेजच्या संघात मी बारा नंबर खेळायचे, वजन ५४ किलो. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच लाइनआउटनंतर (बाहेर गेलेला चेंडू आत फेकतात ते) समोरची बारा नंबर थेट माझ्या अंगावर आली. कुणाला गाठायचं हे त्यांनी वॉर्मअपमध्येच हेरलं असणार. मी छातीला भिडले, तर ती मला घेऊनच तीन पावलं पुढे गेली. पाठीखाली खडी, तोंडात माती. आमचे सर मूळचे कबड्डीवाले. काठावरून ओरडले, "अगं, चवडा धर, चवडा!"

त्या दिवसापासून मांडीच्या वर गेलेच नाही. दोन्ही पाय मिठीत घट्ट आवळले की समोरची कितीही वजनदार असो, पडते. अडचण पुढे आहे. पाय धरले तरी तिचे हात मोकळेच राहतात आणि पडता पडता ती चेंडू देऊन टाकते. म्हणून माझ्या डाव्या हाताला आमची फ्लँकर (फॉरवर्डांपैकी एक) असायची. मी पाय धरायचे, ती चेंडू. ती नसली की माझ्या बाजूने भगदाड. त्यामुळे छोटा सेंटर चालतो का, हे मला कुणी विचारलं तर मी आधी त्याच्या शेजारी कोण उभं आहे ते विचारते.

डब्लिनकर
बारानंबरवाली, +१. मात्र शेजारीही धिप्पाडच हवा असं नाही. इथल्या लोकांच्या तोंडी अजूनही ओ'ड्रिस्कॉल आणि डार्सी ही जोडी असते, आणि गॉर्डन डार्सीही सहा फुटांच्या आतलाच. २००९ मध्ये कार्डिफला वेल्सला १७-१५ हरवून आयर्लंडने ६१ वर्षांनी ग्रँड स्लॅम (सिक्स नेशन्स स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) मिळवलं ते याच जोडीला घेऊन.

शिवाय आता पंच डोक्याला लागलेला टॅकल सोडत नाहीत. सव्वासहा फुटी गड्याने कंबरेत न वाकता बुटक्याला अडवलं तर खांदा सरळ कानशिलात, आणि खिशातून लाल कार्ड.

स्क्रमखालचा
२००९ ला आता जमाना झाला हो. २०१९ ची विश्वचषक फायनल घ्या. दक्षिण आफ्रिकेने लुखान्यो आम या सडपातळ गड्याला तेरावर खेळवलं, पण बारावर डेमियन डी अलेंडे होताच ना, वजनात शंभरी पार केलेला. एक नाजूक परवडतो, दोन नाही.

लांबपल्ला
म्हणजे एक परवडतो हे कबूल! आणि फायनलमध्ये आफ्रिकेची आजवरची पहिली ट्राय कशी आली? त्यांच्याच मापिम्पीने पुढे लाथाडलेला चेंडू आम याने पकडला आणि बाजूला न बघताच त्याला परत दिला. थोड्या वेळाने दुसरी ट्राय चेस्लिन कोल्बीची. उंची साडेपाच फुटांच्या जेमतेम वर.

स्क्रमखालचा
कोल्बी विंगर आहे. धागा सेंटरचा आहे.