आईच्या केबलचं बिल वाढतच चाललंय, चारच चॅनल ठेवता येतील का?

सोनल_भांडुप:
आई भांडुपला टेंभीपाड्यात एकटी राहते. वय 76. बाबा गिरणीत होते, त्यांच्यामागे तिला पीएफची पेन्शन येते, हजाराच्या थोडी वर. डोळे अधू झाल्यापासून पेपर सुटला, आता टीव्ही हीच सोबत. सकाळी सह्याद्रीच्या बातम्या, दुपारी झी टॉकीजवर एखादा सिनेमा, संध्याकाळी झी मराठी आणि स्टार प्रवाहच्या मालिका, कधीतरी सोनी मराठी. बाकी काही ती लावत नाही.

दिवाळीपर्यंत केबलचे 350 जात होते. मग 400 झाले, आणि या महिन्यात वसुलीला आलेला मुलगा 450 म्हणाला. विचारलं तर, "काकी, वरूनच रेट वाढलेत." वरून म्हणजे कुठून? कोणते चॅनल चालू आहेत याची यादी मागितली, तर "पॅक आहे" एवढंच उत्तर. पैसे मी देईन, प्रश्न तो नाही. पण काल आई म्हणाली, "बंदच करून टाक, रेडिओ आहे की." तेव्हापासून मला चैन नाही. तिला हवे तेवढेच चॅनल घ्यायचा काही मार्ग आहे का?

निखिल_ठाणे:
ताई, केबल काढून वायफाय घ्या आणि स्मार्ट टीव्ही लावा. सगळ्या मालिका ॲपवर मिळतात.

सोनल_भांडुप:
निखिल, करून पाहिलं. ॲप उघडायचं, नाव शोधायचं, मध्येच पासवर्ड मागितला की ती रिमोट खाली ठेवते. केबलच्या रिमोटवर तिला नंबर पाठ आहेत, अंधारातही बरोबर दाबते. तिच्या हातातलं ते मला काढून घ्यायचं नाही.

लालबागचा_ऑपरेटर:
सोनलताई, मी लालबाग-काळाचौकीत केबल चालवायचो. गच्चीवरून वायरी टाकायच्या काळापासून होतो, आता लाइन विकली. आत कसं चालतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे, हवे तेवढेच चॅनल सुटे घेणं हा आईंचा हक्क आहे. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायचा, म्हणजे फोन आणि केबलवाल्यांवर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच तसा आहे. पॅक घ्याच, असं कोणी म्हणू शकत नाही. प्रत्येक चॅनलची छापील किंमत 999 नंबरच्या चॅनलवर बघायला मिळते.

बिलाचे दोन भाग असतात. एक, नेटवर्कचा आकार, म्हणजे वायर आणि बॉक्सचे पैसे. तो 130 रुपये होता, 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली, त्यामुळे आता केबल कंपनी तो स्वतः ठरवते. पण ठरवला की जाहीर करावा लागतो. दुसरा भाग पैशाच्या चॅनलचा. ज्या चॅनलला पॅकमध्ये जायचंय त्याची सुटी किंमत 19 च्या वर ठेवता येत नाही. आईंचे चार चॅनल पॅकमधून येतात, म्हणजे ते 19 किंवा त्याखालीच असणार. चारही 19 चे धरले तरी 76, जीएसटीसकट 89 रुपये 68 पैसे. नेटवर्क जुन्या दराने धरलं तर एकूण 243 च्या आसपास. सह्याद्रीला पैसे पडत नाहीत, दूरदर्शन सगळ्यांना द्यावंच लागतं. एबीपी माझा आणि टीव्ही नाइनही फुकटचेच.

मग 450 कशाचे? बहुतेक पॅकमध्ये खेळाचे, इंग्रजीचे, मुलांचे चॅनल आहेत. आयपीएलचे हक्क 2018 ते 2022 साठी 16,347 कोटींना गेले होते, 2023 ते 2027 साठी टीव्ही आणि डिजिटल मिळून 48,390 कोटींना. एवढा पैसा नुसत्या जाहिरातींतून निघत नाही. म्हणून खेळाचं चॅनल मालिकेच्या चॅनलसोबत एकाच पॅकमध्ये बांधतात आणि क्रिकेट न बघणाऱ्या आईंकडूनही त्याचे पैसे घेतात. याचा मला राग आहे आणि तो कायम राहील.

वसुलीच्या पोरावर मात्र चिडू नका. वेगळा करार नसेल तर त्या 130 मधले 55 टक्के मोठ्या केबल कंपनीला आणि 45 टक्के गल्लीतल्या ऑपरेटरला. म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यातून वायर, पोरांचे पगार, ऑफिसचं लाइटबिल. फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दराच्या भांडणात चॅनलवाल्यांनी केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले, तेव्हा बायका-माणसं आमच्याच दुकानासमोर उभी होती. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतंच.

माधवी_मुलुंड:
डीडी फ्री डिशचाही विचार करा. एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च, मग महिन्याचं काही नाही. पण छत्रीला आग्नेयेकडे मोकळं आकाश लागतं. आमच्या चाळीत समोर टॉवर उभा राहिला आणि सगळं गेलं. आणि त्यावर सह्याद्री मिळेल, पण झी मराठी नाही मिळणार. तुमच्या आईला मालिका हव्यात, तर केबलच बरी.

सोनल_भांडुप:
दादा, खूप आभार. एवढं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. उद्याच जाते. आईच्या पॅकला एचडी असंही लिहिलेलं दिसतंय, टीव्ही मात्र जुना डबा आहे. त्याने काही फरक पडतो?

लालबागचा_ऑपरेटर:
पडतो ना! जुन्या डब्यावर एचडी दिसतच नाही, किंमत मात्र एचडीची लागते. तेच चॅनल साध्यात घ्या.

उद्या तोंडी बोलू नका. कागदावर ग्राहक क्रमांक, बॉक्सचा नंबर आणि चार चॅनलची नावं लिहा, "पॅक बंद करून हे सुटे चालू करावेत" असं खाली लिहून सही करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टाळाटाळ केली तर केबल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार क्रमांक मागा. बॉक्सवर बदल तिकडूनच होतो, गल्लीतल्या दुकानातून नाही. आणि पॅक बंद झाला की लगेच चारही सुटे चालू झालेत ना, ते आईंच्या टीव्हीवर स्वतः उभ्या राहून बघा. मधे एखादी संध्याकाळ कोरी जायला नको.