धक्के अंगवळणी पडलेत का? भूकंपाचे तुमचे अनुभव लिहा

माझं माहेर कोयना खोऱ्यात, पाटण तालुक्यात. मे महिन्यात मुलीला घेऊन गेले होते. रात्री साडेअकराच्या सुमारास आधी तो ओळखीचा आवाज आला, लांबून भरलेला ट्रक यावा तसा, मग मांडणीवरची भांडी किणकिणली, खिडकीची कडी खडखडली. तीन-चार सेकंदांत सगळं शांत. आईने कूस बदलली, मी पण "छोटा होता गं" म्हणत पांघरूण ओढलं. नंतर बघते तर लेक दारात उभी, एका पायात चप्पल, दुसरी हातात. सात वर्षांची आहे. "आई, तू उठली का नाहीस?" एवढंच विचारलं तिने आणि मला खरंच उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडे १९६२ च्या सुमारास धरणात पाणी साठायला लागलं तेव्हापासून जमीन हलते आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा झाला, ६ च्या वरचा, सुमारे १८० माणसं गेली. आणि त्याच्या तीनच महिने आधी, सप्टेंबरमध्ये, ५ च्या वरचा एक होऊन गेला होता, हे मला फार उशिरा कळलं. आतापर्यंत ५ च्या वरचे असे २० हून जास्त झालेत, बारीकसारीक तर कोण मोजतं. आमच्या घरात भूकंपग्रस्ताचा दाखला जपून फाइलमध्ये ठेवलेला आहे, पण आईच्या उशाशी असलेलं लोखंडी कपाट कशालाही बांधलेलं नाही. त्या रात्रीनंतर मला झोप लागली नाही.

तुमच्याकडे कधी असं झालंय का, की हादरा बसला आणि तुम्ही जागचे हलला नाहीत? किंवा "रोजचंच आहे" म्हणता म्हणता काही राहून गेलं? जसं आठवेल तसं लिहा.

माळवद

मी उमरगा भागातला, तेव्हा सहावीत होतो. लोकांना वाटतं किल्लारीचा भूकंप अचानक आला. तसं नव्हतं. वर्षभर आधी, १९९२ लाच धक्के सुरू झाले होते, ऑक्टोबरात तर भिंतीला तडे जाण्याइतका झाला. तेव्हा आख्खं गाव बाहेर झोपायचं, बाजा अंगणात, कंदील दाराबाहेर, आजीने तर पिठाचा डबासुद्धा ओट्यावर आणून ठेवला होता. मग थंडी पडली, बाजा एकेक करून आत गेल्या, डबा आत गेला. कुणी ठरवून नाही नेल्या. उन्हाळ्यात परत एखादा आवाज यायचा तर आजी म्हणायची "गुरगुरतंय, गुरगुरू द्या" आणि भाकरी थापत राहायची.

आमची घरं कशी होती ते सांगतो म्हणजे समजेल. दोन-अडीच फूट जाड दगडाच्या भिंती, मधे नुसता चिखल, वर लाकडाचे सरे आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. पावसात गळलं की दर दोन-तीन वर्षांनी वर अजून माती टाकायची, म्हणजे छत दरवेळी जड होत जायचं. आम्ही जितकी वर्षं त्या घरात राहिलो तितकं डोक्यावरचं ओझं वाढवत राहिलो आणि वर्षभर जमीन सांगत होती तरी एका टोपल्याचीही माती कमी केली नाही.

२९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बुडवले. लोक रात्री उशिरा येऊन गाढ झोपले. मी आणि चुलते उडदाची रास राखायला शेतात होतो म्हणून राहिलो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आम्ही गावाकडं पळत गेलो तर गाव दिसेना, नुसता धुरळा, आणि त्या धुरळ्याला एक वास होता, जुन्या ओल्या मातीचा, तो वास पहिल्या पावसात अजूनही येतो मला. आजी आणि धाकटी बहीण घरात होत्या.

पुनर्वसनात घरं मिळाली पण कितीतरी वर्षं लोक स्लॅबखाली झोपायला तयार नव्हते, घरात धान्य आणि माणसं पत्र्याखाली. आता उलटं झालंय. माझाच पुतण्या त्या एकमजली घरावर दुसरा मजला चढवतोय, कुणा इंजिनिअरला न विचारता, म्हणतो काका तीस वर्षं काही झालं नाही. मी त्याच्याशी दोन महिने बोललो नाही. मग विचार केला की न बोलून काय होणार, आता दर रविवारी जाऊन बोलतो.

सांजवारा

वर लिहिलेलं वाचून हात थरथरला. आम्ही लातुरातच वाढलो पण घरी कधी हा विषयच काढत नाहीत. १९९३ साली भूकंपाच्या धोक्याचा जो नकाशा होता त्यात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, नंतर २००२ ला तो झोन १ च काढून टाकला आणि लातूर तीनमध्ये आलं, हे मला कॉलेजला गेल्यावर समजलं.

पाटीपेन्सिल

मी डहाणू-तलासरी पट्ट्यात शिक्षिका होते. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे जे सुरू झालं ते अनुभवल्याशिवाय कळणार नाही. सुरुंग लावल्यासारखा धडाम आवाज आणि लगेच पायाखालून झटका, काही दिवस तर एकाच दिवसात अनेकदा. लोक थंडीत तंबूत झोपायचे, लहान मुलांना घेऊन.

सुरुवातीला आवाज आला की वर्ग रिकामा व्हायचा, मुलं धडपडत मैदानात, दोन-तीन जण पडून गुडघे फोडून घ्यायचे. मग दोन-तीन महिन्यांनी मी फळ्यावर लिहीत होते, झटका बसला, खडू टेबलावरून घरंगळला, आणि मी वळून बघितलं तर एकही मूल उठलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने फक्त पाटीवर हात दाबून धरला, पेन्सिल पडू नये म्हणून, आणि हादरा थांबल्यावर राहिलेलं अक्षर पूर्ण केलं. मला त्या क्षणी अभिमान वाटला, काय धीट पोरं आहेत. घरी जाताना मात्र पोटात गोळा आला, कारण "बसा रे, रोजचंच आहे" हे त्यांना मीच शिकवलं होतं. महिनाभर मीच म्हणत होते, वर्ग बुडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून बदललं. आमचा वर्ग बैठा, कौलारू, दार थेट मैदानात, बाकं नाहीत, सतरंजी. म्हणून ठरवलं की दारालगतच्या दोन रांगांनी दप्तर डोक्यावर धरून चालत बाहेर पडायचं, पळायचं नाही, बाकीच्यांनी खिडकी आणि कपाटापासून लांब, आतल्या कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून दप्तर वर धरायचं आणि हलणं थांबलं की बाहेर. धक्का लहान असो मोठा असो, प्रत्येक वेळी. अभ्यास बुडाला थोडा. बुडू दे. वर्षाच्या शेवटी ती पेन्सिलवाली मुलगी धक्का बसला की पहिलीच्या पोराचा हात धरून बाहेर नेऊन मगच स्वतः मोजायला उभी राहायची.

निवांत

सगळ्यांचे अनुभव वाचले, वाईट वाटलं, पण एक मनापासून विचारतो. जिथे आठवड्याला धक्के बसतात तिथे माणसाने दरवेळी घाबरायचं म्हटलं तर जगायचं कसं? माझ्या वडिलांना त्या भीतीने बीपी सुरू झालं. आणि आमच्याकडे म्हणतात की बारीक धक्के होत राहिलेले बरे, जमिनीतला ताण थोडा थोडा निघून जातो, मोठा होत नाही. हे खरं असेल तर सवय होणं चांगलंच ना?

खडकसोबती

निवांत, वडिलांचं समजू शकतो, पण दुसरं जे लिहिलंत ते फार पसरलेलं आहे आणि चुकीचं आहे म्हणून थांबून लिहितो, भूशास्त्र शिकवतो मी. मॅग्निट्यूड, म्हणजे आपण ४ चा, ६ चा म्हणतो तो आकडा, एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते. म्हणजे ६ च्या भूकंपाइतकी ऊर्जा ४ च्या धक्क्यांनी काढायची तर असे सुमारे १००० धक्के लागतील, आणि ३ च्या धक्क्यांनी काढायची तर ३०,००० च्या वर. रोज दोन बसले तरी चाळीस वर्षं. त्यामुळे भांडी वाजली म्हणून मोठं संकट टळलं असं होत नाही. बारीक धक्क्यांची मालिका बऱ्याचदा तशीच विरून जाते हे खरं, पण कधीकधी तीच मोठ्याची आधीची चाहूल असते, आणि कुठली कोणती ते आधी सांगता येत नाही, मोठा होऊन गेल्यावरच कळतं. इटलीत लाक्विला शहरात २००९ ला महिनोन्‌महिने धक्के चालले होते. तिथे जुन्या लोकांची पद्धत होती, रात्री जोराचा धक्का बसला की घराबाहेर पडून चौकात बसायचं. त्या वेळी काळजीचं कारण नाही असं कानावर आल्यावर काही घरांतली माणसं आतच राहिली. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ चा झाला, ३०९ जण गेले.

घाबरा असं मी म्हणत नाहीच. गाडीत बसल्यावर पट्टा लावताना आपण घाबरलेले असतो का? हात आपोआप जातो. तेवढंच.

कयाधू

मी नांदेडला फ्लॅटमध्ये, आईवडील हिंगोली जिल्ह्यात वसमतकडे. त्या भागात जमिनीतून आवाज वर्षानुवर्षं येतात, गूढ आवाज म्हणून पेपरात बातमी यायची आणि लोक दुसऱ्या दिवशी विसरायचे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास ४.५ चा झाला, दहा-अकरा मिनिटांनी दुसरा. मी काय केलं सांगू? उशाचा मोबाईल घेतला आणि ग्रुपवर टाकलं "जाणवला का?" पंधरा जणांनी लगेच उत्तर दिलं म्हणजे पंधरा जण पलंगावरच होते. बायकोने हाताला धरून ओढलं तेव्हा उठलो. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे, आधी टेबलाखाली, मग बाकी सगळं, फोन सगळ्यात शेवटी.

पण मला सांगायचंय ते गावचं. आमच्याकडे पत्र्याची घरं, वावटळीत पत्रा उडू नये म्हणून वर मोठमोठे दगड ठेवतात, आमच्या एका घरावर सव्वीस होते, मी मोजले. भूकंपानंतर प्रशासनाने आवाहन केलं की पत्र्यावरचे दगड काढून घ्या. भावाने आणि मी दिवसभर लागून उतरवले, एकेक दगड पाच-सात किलोचा, आणि बरोबर खाली आईची बाज. उतरवताना दादा अजिबात बोलत नव्हता. पण मे महिन्यात वादळ झालं आणि पुढच्या खेपेला गेलो तर अकरा दगड परत वर. वडिलांनीच चढवले, म्हणाले, वारं तर रोज येतंय. मी चिडलो नाही, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पत्रा उडाला तर तोही माणूस कापतो. मग पत्र्याला हुक मारून खालच्या लोखंडी पाइपला आवळून घेतलं, एक दिवसाचं काम. १० जुलैला सकाळी सव्वासातला परत ४.५ चाच झाला. आई चहा गाळत होती. वर एकही दगड नव्हता. गावात फिरून बघितलं तर अजून कितीतरी घरांवर आहेत. प्लीज तुमच्या गावी फोन करून विचारा, वर काय ठेवलंय.

दूरदेशी

मार्च २०११ मध्ये मी कामासाठी जपानमध्ये सेंदाईत होतो. ९ मार्चला दुपारच्या जरा आधी ७.३ चा झाला, समुद्रात, लाटेचा इशारा आला आणि लाट आली ती अर्ध्या मीटरच्या आसपास. ऑफिसात सगळे सुटकेचा श्वास टाकून कामाला लागले आणि माझ्या डोक्यात बसलं की इथे ७ म्हणजे एवढंच. दोन दिवसांनी ११ ला २ वाजून ४६ मिनिटांनी सुरू झालं तेव्हा मी खुर्चीत बसूनच राहिलो, थांबेल आता, थांबेल आता. शेजारच्या टेबलावरची बाई, तिने माझी कॉलर धरून मला खाली खेचलं. मी बसलो होतो तिथे छताचं पॅनेल आणि दिवा पडला. ९.० चा होता तो, मिनिटांमागून मिनिटं हलत होतं. ती बाई जन्मापासून तिथे राहिलेली, तिने माझ्यापेक्षा शेकडो जास्त धक्के बघितलेले, तरी ती खाली गेली आणि मी दोन दिवसांत निर्ढावलो. २०१६ ला जपानमधल्याच कुमामोतोमध्येही १४ एप्रिलला रात्री मोठा झाला, काही लोक घरी परतले, आणि २८ तासांनी १६ च्या पहाटे त्याहून मोठा झाला. "मोठा होऊन गेला" हे वाक्य मी तेव्हापासून उच्चारत नाही.

जुना_पाटणकर

६७ साली मी नऊ वर्षांचा. वय झालं आता, टायपिंगला वेळ लागतो, थोडकं लिहितो. आमच्या घराला प्रत्येक धक्क्यानंतर बारीक चीर पडायची आणि दर दिवाळीला चुना मारून ती बुजवायची. चीर दिसली नाही की घर धड आहे असं वाटतं. बांधकाम खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने शिकवलं, चिरेवर काचेची छोटी पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. चीर वाढली तर काच तडकते. माझ्याकडे अशा सात पट्ट्या आहेत, तीन तडकल्या. त्या तीनही एकाच कोपऱ्यात. मग तो कोपरा उतरवून परत बांधला, चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा दारांच्या वरून फिरवून घेतला. खर्च झाला. पण चुना मारत राहिलो असतो तर तो कोपरा कळलाच नसता.

(धागा काढणारी)

सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलं, आईला फोनवर एकेक वाचून दाखवलं. माळवद यांचं वाचताना ती मधेच थांब म्हणाली. मग म्हणाली कपाटाचं बघ काहीतरी. काका, भिंत दगडमातीची आहे, कपाट बांधायला एल पट्टी लावायला गेलो तर स्क्रू धरत नाही, नुसती माती झडते. कोणी केलंय का?

जुना_पाटणकर

दगडमातीच्या भिंतीत ठोकू नका, भिंतच ढिली होते. कपाट राहू द्या, बाज हलवा. कपाट आडवं पडलं तरी पोचणार नाही इतकी लांब, दाराच्या बाजूला. कपाटावर बॅग, हंडा काही असेल तर आजच खाली घ्या. आणि चपला नि टॉर्च बाजेच्या पायाला दोरीने बांधून ठेवा, अंधारात सापडतात.